आण्णांच्या गळ्यातला रेडिओ

मी रेडिओ आणून दिला तेव्हा माझ्या वडिलांना माझं नाव आठवत नव्हतं. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. खोक्यातून काढलेला तो लहानसा काळा रेडिओ त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्येचा कान कुठं हाय?"

कान म्हणजे स्टेशन लावायचं गोल बटण. आण्णांनी सगळं आयुष्य मेंढ्यांमागं चालत काढलं, आणि त्या सगळ्या चालण्यात त्यांच्या गळ्यात चामडी पट्ट्याचा रेडिओ असायचा. डाव्या अंगठ्यानं ते न बघता त्याचा कान पिळायचे. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि मग एकदम स्वच्छ आवाजात माणूस बोलायला लागायचा. नव्या रेडिओत हे काही नव्हतं. एक बटण दाबून धरलं की काचेवर लाल आकडे पळायचे, स्टेशन आपोआप सापडायचं आणि रेडिओ ते लक्षातही ठेवायचा. बंद करून पुन्हा लावला तरी तेच स्टेशन. आमच्या घरात लक्षात ठेवण्याचं काम करणारं निदान कुणीतरी आलं, असं मला तेव्हा वाटलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे, आणि ते रेडिओमुळं झालं असं मी म्हणते तेव्हा लोकांना अलंकारिक वाटतं. तसं ते नाही. आमचं गाव माकणीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढं रोज एसटीनं जायचं तर तिकिटाला पैसे कुठले, म्हणून माझी शाळा सुटल्यातच जमा होती. आण्णा तेव्हा मेंढ्या घेऊन दूर येरमाळ्याच्या बाजूला होते. तिकडं कुठल्याशा माळावर त्यांनी रेडिओवर ऐकलं की मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो. एका संध्याकाळी ते अचानक दारात उभे राहिले. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. पाणीही न पिता आईला म्हणाले, "सरकार पोरीला फुकट न्यायला तयार हाय, आन आपुन अडवून धरायलोय व्हय?" दुसऱ्या दिवशी ते परत गेले आणि मी पुढच्या आठवड्यात शाळेत. तो पास नसता तर आज मी लोहाऱ्याच्या एका खासगी शाळेत फळ्यासमोर उभी नसते.

त्यामुळं आण्णांना विसर पडायला लागला, मेंढ्या रस्त्यात सोडून ते भलतीकडं चालायला लागले, कळप विकावा लागला आणि जुना रेडिओही दुरुस्तीच्या पलीकडं गेला, तेव्हा मला पहिली गोष्ट सुचली ती रेडिओची. आधी मी त्यांना माझा जुना मोबाईल देऊन पाहिला. त्यांच्या बोटांच्या शेंड्यांवर इतके घट्टे पडलेत की पडद्याला ती बोटं कळतच नव्हती. शिवाय बातम्या चालू असताना मध्येच कुणाचा तरी फोन यायचा, आणि बातम्या देणारा गप्प का झाला म्हणून आण्णा अस्वस्थ व्हायचे. मग मी माझ्या पगारात बसेल असा, खरी बटणं असलेला, मोबाईलसारख्याच चपट्या बॅटरीवर चालणारा हा डिजिटल रेडिओ घेतला. आईला अक्षरओळख नाही. चालू करायच्या बटणावर तिनं आपल्या कपाळावरची लाल टिकली चिकटवली आणि जुन्या चोळीच्या कापडाची पिशवी शिवून रेडिओ आण्णांच्या गळ्यात अडकवला.

त्या दिवसापासून आमचं घर पुन्हा चालायला लागलं. हे मी वाढवून सांगत नाही. आण्णांना वेळ कळत नव्हती, पण सकाळची भजनं लागली की ते तोंड धुवायला उठायचे. दुपारच्या बातम्या झाल्या की जेवायचे. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की खाटेवरून उठून ओसरीच्या कडेला येऊन बसायचे. बातम्या देणाऱ्याला ते उत्तरं द्यायचे. "बरं, मग?" "आसं म्हंता?" हवामानात कधी सांगितलं की मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस होईल, तर आईकडं बघून म्हणायचे, "तुरळक म्हंजी आपुन न्हाय." आई हसायची. मी तिला कितीतरी महिन्यांनी हसताना पाहत होते.

आणि मुख्य म्हणजे ते सापडायचे. त्याआधी आई पाण्याला गेली, शेळीला पाला आणायला गेली की परत येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. आता आवाज जिथं, तिथं आण्णा. गावात उठून गेलेच तर कुणीही सांगायचं, आत्ता इकडून भजन गेलं, मारुतीच्या पाराकडं बघा. पोरं त्यांना रेडिओआण्णा म्हणायला लागली. आईला ते आवडायचं नाही. मला चालायचं. मी शाळेत निर्धास्त शिकवू शकत होते.

एप्रिलमध्ये वळवाचं वादळ झालं. गावाबाहेरचे विजेचे खांब आडवे झाले आणि लाईट गेली ती आलीच नाही. माझा मोबाईल मी शाळेत नेऊन चार्ज करायचे, पण आण्णा रेडिओ गळ्यातून काढू द्यायचे नाहीत. हळूहळू त्याचा आवाज बारीक व्हायला लागला. त्या दिवशी सकाळची शाळा होती, मी पहाटेच्या एसटीनं गेले. मी गेल्यावर काय झालं ते आईनं मला नंतर रडत रडत सांगितलं.

रेडिओ कुजबुजल्यासारखा बोलायला लागला होता. आण्णांचा डोळा लागलेला पाहून आईनं तो हलकेच काढून घेतला आणि गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवला. आमच्याकडं सगळ्यांनी हेच केलेलं आहे. टॉर्चचे, रेडिओचे सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, तापले की त्यांच्यात थोडा जीव येतो आणि आणखी चार दिवस निघतात. माझ्या लहानपणी कुठल्याही घराच्या भिंतीवर सेल वाळत घातलेले दिसायचे. आईनं आयुष्यभर सेलचं हेच पाहिलं होतं. चपट्या बॅटरीला ऊन चालत नाही हे तिला कुणी सांगावं? लाईट नाही म्हणून नळाला पाणी नव्हतं, म्हणून ती घागर घेऊन हापशाला गेली. हापशावर गावभराच्या बायका. परत आली तर खाट रिकामी.

मी दुपारी एसटीतून उतरले तेव्हा ती फाट्यावरच उभी होती. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. हातात तो रेडिओ. बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलं होतं आणि प्लास्टिक एका बाजूनं वाकडं झालं होतं.

"मी ऊन दावलं गं त्येला," एवढंच ती म्हणत होती. "मी ऊन दावलं, बाय."

"आण्णा कुठंयत?"

तिनं मान हलवली.

माझा चुलत भाऊ मोटारसायकल घेऊन आला. शेजारची दोन घरं शेतांकडं पांगली. आम्ही दोघं रस्त्यानं निघालो. ऊन असं होतं की डांबर टायरला चिकटत होतं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मी विचारलं.

"आण्णा इकडून गेले का हो?"

"कोण, रेडिओआण्णा? न्हाय. आज आवाजच न्हाय आला."

"आज रेडिओ नव्हता त्यांच्याजवळ."

टपरीवाल्यानं गाळणी बाजूला ठेवली. "मग कसं कळणार ओ ताई? आमी त्यांच्याकडं बघतो व्हय? ऐकतो. मान खाली घालून कप धुवायचे का येणारं-जाणारं म्हातारं मोजायचं?"

तो उद्धटपणे बोलला नव्हता. पुढंही ज्याला ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं. पंक्चरवाल्यानं, शेळ्या राखणाऱ्या बाईनं, रस्त्याकडेला कलिंगडं विकणाऱ्यानं. आवाज नाही आला. त्या रेडिओनं आण्णांना सगळ्यांच्या कानात नेऊन ठेवलं होतं, आणि डोळ्यांतून मात्र ते पुसले गेले होते. पांढरं धोतर, मुंडासं, वाकलेली पाठ, असे म्हातारे आमच्या भागात दर झाडाखाली असतात. भरदुपारी भर रस्त्यानं ते चालत गेले असणार आणि एकाही माणसानं त्यांना पाहिलं नव्हतं.

"धरणाकडं बघू," चुलत भाऊ म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता.

धरणाचं पाणी खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेला चिखल. तिथं एका दगडावर वहाणांची जोडी काढून ठेवलेली होती, कातडी, जुनी, टाचेला झिजलेली. मी गाडीवरून कशी उतरले मला आठवत नाही. चिखलात गुडघ्यावर बसून मी त्या वहाणा हातात घेतल्या आणि त्या आण्णांच्या आहेत की नाहीत हे मला कळेना. मुलगी म्हणून मला ते कळायला हवं होतं. मी त्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या. एवढ्यात पाण्यातून कुणी तरी ओरडलं, "ओ बाई, ठिवा त्या! पाय भाजत्यात माझं!" जाळं टाकणारा एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

चुलत भाऊ हसला, आणि लगेच त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो पाठ करून उभा राहिला.

आईचा फोन आला तो तिथंच. शेजारणीच्या मोबाईलवरून. ती म्हणाली, "बाय, खुंटीवर घोंगडं न्हाय."

"कसलं घोंगडं?"

"त्येंचं. काळं. काठीबी न्हाय."

मी ते भावाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या उन्हात घोंगडं? डोकं पार गेलं बघ आण्णांचं." पण आई फोनवर थांबून राहिली होती. मी ऐकते आहे याची खात्री करून ती हळूच म्हणाली, "हरभरं निघाल्यात न्हवं का आता."

तेव्हा मला कळलं. रब्बीची पिकं निघाली की रानं मोकळी होतात आणि शेतकरी मेंढपाळांना बोलावणं धाडतात. रात्रभर मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंड्यांचं खत होतं, त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य. मेंढ्यांभोवती दोरीच्या जाळीचं कुंपण, त्याला आमच्यात वाघर म्हणतात, आणि वाघरीच्या तोंडाशी घोंगडं टाकून राखणीला बसलेला माणूस. माझ्या लहानपणी हरभरे निघाले की आण्णा घोंगडं खांद्यावर टाकून घराबाहेर पडायचे ते पाऊस येईपर्यंत. ते भटकत नव्हते. कामावर गेले होते.

"पहिलं बोलावणं कुणाचं असायचं, आई?"

"ओढ्यापल्याडच्या पाटलाचं. विहिरीजवळची पट्टी."

ती पट्टी गावापासून फार लांब नव्हती, पण रस्त्याच्या अगदी उलट बाजूला होती. दुपारभर आम्ही त्यांच्यापासून दूर दूर जात राहिलो होतो. ओढा ओलांडेपर्यंत उन्हं उतरली. लांबून मला आधी काळा ठिपका दिसला आणि मी भावाच्या पाठीवर कपाळ टेकलं.

आण्णा मोकळ्या रानात घोंगड्यावर बसलेले होते. जिवंत होते. ओठ फुटले होते. वाघर कळपाबरोबरच विकली होती, म्हणून त्यांनी बाभळीच्या काट्या ओढून आणून गोल कुंपण घातलं होतं. एवढं मोठं कुंपण त्या शरीरानं दिवसभर एकट्यानं घातलं होतं. दोन्ही तळहात ओरबाडलेले, धोतराला रक्त पुसलेलं. आणि कुंपणाच्या आत काहीच नव्हतं. हरभऱ्याची खुटं आणि ढेकळं.

मी पाण्याची बाटली पुढं केली. ते घटाघटा प्यायले, पण नजर कुंपणावरून हलली नाही.

"आण्णा, चला घरी," भाऊ म्हणाला. "आई वाट बघायलीय."

"आन मेंढ्या?"

"कुठल्या मेंढ्या आण्णा? इकल्या न्हायत का आपुन!"

आण्णांनी काठी उचलली. ती त्याच्या गुडघ्यावर बसली असती, तो मागं सरला म्हणून वाचला. "चोर हाय ह्यो," ते मला म्हणाले. "सकाळधरनं मागावर हाय. तू कुणाची गं पोरी?"

मी त्यांची आहे हे सांगायला तोंड उघडलं. किती वेळा सांगितलं होतं मी त्यांना ते, घरी, रोज. ते ऐकून घ्यायचे आणि हसायचे, जसं बातम्या देणाऱ्याला म्हणायचे, आसं म्हंता? आता मी ते सांगितलं असतं तर मीही चोरच झाले असते. ऊन संपत चाललं होतं. त्यांच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. उचलून गाडीवर बसवावं तर ते भावाला मारत होते, आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून ओढलं असतं तर त्यांच्या डोळ्यांत काय आलं असतं, ते बघायची माझ्यात ताकद नव्हती.

"मी पलीकडच्या कळपावरची," मी म्हणाले. "तुम्ही जेवून या मामा. तवर मी राखते मेंढ्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी शाळेची साडी, खांद्याला पर्स.

"तुला जमतंय व्हय?"

"जमतंय."

"लांडगा आला तर?"

"वरडते."

"वरडून काय व्हतंय? लांडगा काय पाव्हणा हाय, हाक मारल्यावर जायला?" त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "ही आपटायची. भुईवर. आन मोजून घे. पुन्यांदा म्हणशील, कमी व्हत्या."

मग आम्ही दोघं कुंपणाच्या कडेला उभे राहिलो आणि मी रिकाम्या ढेकळांकडं बोट करत मोजायला लागले. भाऊ तोंडावर रुमाल धरून गाडीपाशी उभा होता. मी मोजत गेले तसे आण्णा मान डोलवत गेले. एके ठिकाणी मी थांबले.

"ती कडंची लंगडी ऱ्हायली," आण्णा म्हणाले.

मी लंगडी मोजली.

त्यांचं समाधान झालं. घोंगडं त्यांनी तिथंच राहू दिलं. ज्याला चोर म्हणाले होते त्याच्याच मागं ते मुकाट्यानं बसले, कारण आता मेंढ्यांना राखण होती आणि त्यांना भूक लागली होती. गाडी सुरू झाली तसे त्यांनी मागं वळून दोन्ही हात वर केले.

"बसू नगंस! बसलं की डोळा लागतो! उभीच ऱ्हा!"

गाडी ओढ्याच्या उतारापर्यंत जाईतो ते मागंच बघत होते. उतारावरून ते दिसेनासे झाले. आता मला पाहणारं तिथं कुणी नव्हतं. भाऊ मला न्यायला परत येईपर्यंत मी घोंगड्यावर बसले असते तरी चाललं असतं. दिवसभरात पहिल्यांदाच मला मोठ्यानं रडू आलं. रडत रडत मी काठी भुईवर आपटली, कुंपणाच्या तोंडाशी जाऊन थांबले, आणि बसले नाही.